केसांची चिठ्ठी

सिनेक्लबचे वर्षभराचे सिनेमे जूनच्या बैठकीत ठरतात, आणि दर जूनमध्ये त्यावरून किमान दोन माणसं रुसून घरी जातात. त्या वर्षी मिरेयने एकच सिनेमा लावून धरला होता. जुना, कृष्णधवल, दोन तास दहा मिनिटांचा. पहिल्यापासून शेवटपर्यंत माणसं नुसती बोलत असतात.

"एक दार उघडतं, तेवढीच काय ती त्यात मारामारी," रेल्वेतून निवृत्त झालेले मस्यू प्रिजां कुरकुरले होते. पण तेवीस वर्षं क्लबचं झाडलोटीपासून पत्रव्यवहारापर्यंत सगळं करणाऱ्या बाईला नाही कोण म्हणणार? सिनेमा ठरला. नोव्हेंबरातला दुसरा रविवार, दुपारी तीन.

मिरेयला तो सिनेमा गावाला दाखवायचा नव्हता. तिला तो एकाच माणसाला दाखवायचा होता, बहिणीच्या मुलीला. सोलेनला.

गोष्ट अशी, की मिरेयची बहीण ॲनिक अकरा वर्षांपूर्वी वारली. पाठीच्या कण्याचं दुखणं, चार वर्षं अंथरुणात. ती गेल्यावर दोन वर्षांनी मिरेय ॲनिकच्या नवऱ्याच्या, रेजिसच्या, घरी राहायला गेली. दोघंही दुःखातली, एकमेकांना आधार झाली, असं सगळ्यांना सांगितलं गेलं. मोर्ले गावाने मान डोलावली आणि मागे जे बोलायचं ते बोलून घेतलं. खरं एवढंच, की ते ॲनिक जिवंत असतानाच सुरू झालं होतं. तिच्याच घरात, तिच्या खोलीशेजारच्या स्वयंपाकघरात, दर गुरुवारी. मिरेयला औषधांच्या दुकानातून गुरुवारी सुट्टी असे.

या सगळ्यावर मिरेय आणि रेजिस एका वाक्याच्या आधाराने जगत आली होती: ॲनिकला काही कळलं नाही. ती सुखात गेली.

सोलेन आता एकोणतीस वर्षांची होती, रेन शहरात नोकरी करत होती, आणि जानेवारीत तिला बाळ होणार होतं. मेमध्ये, दिवस राहिल्याचं कळलं त्याच आठवड्यात, तिने फोन केला होता. "मावशी, बाळ झाल्यावर महिनाभर येऊन राहशील ना? मला दुसरं कोणी नकोय." मिरेयला मूलबाळ नव्हतं. ती फोन ठेवून जिन्याच्या पायरीवर बसली आणि हमसून हमसून रडली. त्या रात्रीपासून तिच्या मनाने घेतलं, की हे असं खोट्यावर उभं राहून बाळाला हातात घ्यायचं नाही. पोरीला सांगायचं. पण सांगायचं कसं? आणि मग तिला तो सिनेमा आठवला. जे आपल्याला बोलता येत नाही ते पडद्यावरची माणसं किती छान बोलतात! आयुष्य सिनेक्लबात गेलेल्या माणसालाच अशी बुद्धी सुचते.

त्या रविवारी सोलेन दुपारच्या गाडीने आली. कोटाची बटणं पोटावर लागत नव्हती. सभागृहाच्या दारात तिने मावशीच्या दोन्ही गालांना गाल लावले, वडिलांच्या पाठीवर थाप मारली आणि दुसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर जाऊन बसली.

रेजिसने मिरेयला कोट टांगायच्या जागी गाठलं. "पोरीला कशाला बोलावलंस या सिनेमाला? मी गोष्ट वाचली आत्ता कार्यक्रमपत्रिकेवर."

"चांगला सिनेमा आहे."

"मिरेय, झाकलेलं उकरू नकोस. ॲनिकला कळलं नाही, सोलेनला कळलं नाही. कोणाचं काय बिघडलंय?"

"माझं बिघडलंय," मिरेय म्हणाली आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा उचलून आत गेली.

त्या डब्याशिवाय मोर्लेचा सिनेक्लब चालत नाही. सिनेमा संपला, की जुन्या कार्यक्रमपत्रिकांचे कापलेले तुकडे आणि पेन्सिलींची थोटकं वाटतात. ज्याला जे वाटलं ते त्याने एका ओळीत लिहायचं, नाव न घालता, आणि डब्यात टाकायचं. मग मिरेय एकेक चिठ्ठी मोठ्याने वाचते आणि त्यावर वाद होतो. चिठ्ठी कोणाची ते विचारायचं नाही आणि कोणी सांगायचं नाही, हा नियम. एकदा एका दाताच्या डॉक्टरने तो मोडला, तेव्हापासून दोन कुटुंबं रस्त्यात एकमेकांना ओळख देत नाहीत.

दिवे मालवले. सिनेमात एक प्राध्यापक होता. त्याची बायको आजारी, आणि तिची सेवा करायला आलेली तिची मैत्रीण. प्राध्यापक आणि मैत्रीण बागेत बोलतात, मोटारीत बोलतात, भाजी चिरताना बोलतात. आपलं हे प्रेम म्हणजे पाप नाही, उलट रोग्याच्या घरात त्यानेच थोडी ऊब आणली, असं तो तिला पटवतो. मग ती त्याला पटवते. एकाला शंका आली की दुसरा धावून येतो. बायको साऱ्या सिनेमात तीनदाच दिसते, काचेच्या दाराआड, डोळे मिटून पडलेली. शेवटी बायको मरते, आणि प्राध्यापक म्हणतो, "मी कोणाचं काहीही काढून घेतलं नाही. तिला कळू दिलं नाही, हीच माझी निष्ठा."

मिरेयला हे वाक्य पाठ होतं. ते आलं तेव्हा तिने पडद्याकडे पाहिलंच नाही. दुसऱ्या रांगेतल्या मानेकडे पाहिलं. मान हलली नाही.

दिवे लागले, लोक नाकं शिंकरत, पाठी मोकळ्या करत उठले, चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या. सोलेनने पेन्सिल घेतली, गुडघ्यावर कागद ठेवून काहीतरी लिहिलं. डब्याचं झाकण मिरेयने दोनदा पाडलं.

"पहिली चिठ्ठी," ती म्हणाली. "'या माणसाला कोणीतरी दोन कानफटात ठेवून द्यायला हव्या होत्या. सिनेमा वीस मिनिटांत संपला असता.'"

हशा पिकला. आलुबुखाराचा केक घेऊन आलेल्या, कर्वेला आडनावाच्या मादाम सगळ्यांत जोरात हसल्या, म्हणजे चिठ्ठी त्यांचीच.

"दुसरी. 'किती सुंदर बोलतात! आमच्या घरी जेवताना मीठ दे एवढंच बोलणं होतं.'"

"सुंदर बोलतो म्हणून काय झालं?" मादाम कर्वेला उसळल्या. "आमचा मासेवालाही सुंदर बोलतो. मासा शिळा निघायचा तो निघतोच."

"अहो मादाम, माणसाला मन असतं," प्रिजां म्हणाले. "बायको चार-चार वर्षं अंथरुणात. तो काय दगड आहे?"

"आणि ती? ती काय उशी आहे?"

"पण तिला त्रास कुठे झाला? तिला माहीतच नव्हतं!"

इथे मागच्या रांगेतून रेजिस बोलला. तो कधी बोलत नसे. "मस्यू प्रिजां बरोबर सांगतायत. त्याने तिला सुखाने जाऊ दिलं. तेवढी सभ्यता किती जणांत असते?"

दोन-तीन माना डोलल्या. मिरेयला त्याची दया आली आणि रागही आला. सोलेन वळून वडिलांकडे बघत होती, शांतपणे, एखाद्या अनोळखी माणसाचं बोलणं ऐकावं तशी.

मिरेयने पुढची चिठ्ठी उलगडली. इतकी वर्षं वाचत असल्यामुळे तिचे डोळे आणि जीभ एकदमच धावत. अक्षर ओळखायच्या आत अर्धं वाचूनही झालं होतं.

"'ती झोपलेली नव्हती. तिला केस धुऊन हवे असत, म्हणून ती डोळे मिटून पडायची.'"

"केस?" प्रिजां म्हणाले. "केस कधी धुतले? मला डुलकी लागली की काय?"

"तुम्हाला लागलीच होती, घोरत होतात," मादाम कर्वेला म्हणाल्या. "पण केस मलाही नाही दिसले. मिरेय, हे सिनेमात कुठे होतं?"

"कापलेला भाग असेल," कोणीतरी म्हणालं. "पूर्वी जरा लांब होता म्हणे."

"अजून लांब?"

पुन्हा हशा. मिरेय हातात चिठ्ठी धरून उभी होती. तिला घमेलं दिसत होतं. निळं, एका बाजूने मानेसाठी खाच असलेलं, ती कामाला होती त्याच औषधांच्या दुकानातून आणलेलं. दर गुरुवारी ती ॲनिकचं डोकं त्यात घेऊन कोमट पाण्याने केस धुवायची. दाट, लांब केस, ॲनिकचं तेवढंच काय ते आजाराने नेलं नव्हतं. धुवून, पुसून, विंचरून झालं, की ॲनिक म्हणायची, "आता मी झोपते हं," आणि डोळे मिटायची. किती पटकन झोप लागते हिला, असं मिरेयला वाटायचं. मग ती घमेलं रिकामं करायला स्वयंपाकघरात जायची.

"पुढची वाच ना," कोणीतरी म्हणालं. तिने पुढची वाचली. त्यानंतरच्याही वाचल्या. काय वाचलं ते तिला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

केक कापला जात होता तेव्हा तिने सोलेनला दाराशी गाठलं. सोलेन गळ्याभोवती रुमाल गुंडाळत होती.

"तुला कोणी सांगितलं?"

"आईने," सोलेन म्हणाली. "मी अठरा वर्षांची होते. सगळं ऐकू यायचं तिला, मावशी. ती भिंत म्हणजे नुसता पुठ्ठा होता."

"मग ती बोलली का नाही? मला हाकलून का नाही दिलं?"

"मीही तेच म्हणाले. मी तर तुला घराबाहेर काढायला निघालेच होते. तिने माझं मनगट धरलं. म्हणाली, 'गप्प बस. तिला कळलं की मला कळलंय, तर ती यायची बंद होईल. मग माझे केस कोण धुणार?'"

मिरेयने दाराची चौकट धरली.

"रेजिसला सांगता आलं असतं... नर्स ठेवता आली असती..."

"नर्स होती ना, रोज सकाळी यायची. वीस मिनिटं, रबरी हातमोजे. आई म्हणायची, माझ्या डोक्याला आता मिरेय सोडून कोणी हातमोज्याशिवाय हात लावत नाही." सोलेनचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "तिला तू हवी होतीस. म्हणून तिने ते सगळं ऐकून घेतलं. दर गुरुवारी."

"आणि तू? इतकी वर्षं घरी येत राहिलीस. बाळासाठी मला बोलावलंस."

"कारण मलाही तू हवी होतीस. आई गेल्यावर मला दुसरं होतं कोण? बाबा?" ती आतल्या रेजिसकडे बघून हसली, पण ते हसणं लगेच विरलं. "मी ठरवलं होतं, विषयच काढायचा नाही. तू कधी काही बोलली नाहीस, मला वाटायचं तुला लाज वाटते. त्या लाजेवर मी तुला माफ केलं होतं. खरंच केलं होतं. आणि आज तू मला समोर बसवून दोन तास पटवलंस, की तुमचं बरोबर होतं."

"मला तुला खरं सांगायचं होतं, सोलेन."

"नाही गं. तुला खरं सांगायचं असतं तर एक वाक्य पुरलं असतं. तुला माझ्याकडून ऐकायचं होतं, की चालतं."

पडद्यावरच्या प्राध्यापकाकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं, आणि मिरेयला त्याची दोन तासांची वाक्यं पाठ होती. त्यातलं एकही उपयोगाचं नव्हतं.

"जानेवारीत येऊ नकोस," सोलेन म्हणाली. "मी एक बाई बघते." तिने गाल पुढे केला नाही. बाहेर बारीक पाऊस होता. टेकडीवरच्या स्टेशनाकडे जाणाऱ्या पायऱ्या ती कठडा धरून, पोट सांभाळत, सावकाश चढत गेली, आणि मिरेयला तिच्या मागे जायचा धीर झाला नाही.

चिठ्ठ्या आठवडाभर दारातल्या फळ्यावर लावायची रीत आहे. मिरेयने त्या लावल्या, सगळ्या, टाचण्या मारून. ती केसांची चिठ्ठी लावताना टाचणी दोनदा वाकली.

गाडीत बसल्यावर रेजिसने काच पुसली. "पोरगी चालत का गेली? सोडलं असतं मी."

"तिला चालायचं होतं."

"काही बोलली का सिनेमाबद्दल?"

"लांब वाटला म्हणाली."

"बघ! मी म्हटलं नव्हतं? उगाच मनाला लावून घेत होतीस." तो खुशीत आला होता. "आणि ते केसांचं काय होतं गं? लोक काहीही लिहितात."

मिरेयने त्याच्याकडे पाहिलं. चार वर्षं. दर गुरुवारी ती ओल्या हातांनी, साबणाच्या वासाची स्वयंपाकघरात यायची. याला आठवतही नव्हतं. तिला वाटलं, आत्ता सांगावं. एका वाक्यात. भिंत म्हणजे नुसता पुठ्ठा होता.

"कर्वेला बाई म्हणोत काहीही," रेजिस गाडी सुरू करत म्हणाला, "आपल्या ॲनिकला शेवटपर्यंत काही कळलं नाही. सुखात गेली बिचारी. हो ना?"

घर पाच मिनिटांवर होतं. आता जानेवारीत कुठे जायचं नव्हतं, तिथे कोणी यायचं नव्हतं. हा एवढा एकच माणूस उरला होता.

"हो," मिरेय म्हणाली. "सुखात गेली." आणि मागे डोकं टेकून तिने डोळे मिटून घेतले.