हेडलीच्या सोनेरी बॅटऱ्या

मेव्हिस ऑलरॉइडने सिगरेट सोडली ती युफोनियमपायी. डॉक्टर सांगून थकले होते, लेक रडून झाली होती, पण बाई ढिम्म हलली नव्हती. मग एका तालमीत, थॉर्नक्लफ गावच्या बँडबरोबर ते भलंमोठं पितळी वाद्य मांडीवर घेऊन फुंकताना, एका लांबलचक सुराच्या मध्यातच तिचा दम तुटला. बँडमास्तरांनी तो सूर निमूटपणे शेजारच्या वादकाला दिला. हे मात्र मेव्हिसच्या जिव्हारी लागलं. दुसऱ्याच दिवशी तिने दोन बॅटऱ्यांचं, विटेसारखं जाडजूड वेप, म्हणजे सिगरेटऐवजी वाफ ओढायचं यंत्र, विकत घेतलं आणि हिवाळा सरेपर्यंत सूर परत मिळवला.

याचा सगळ्यात जास्त आनंद झाला तो हेडली क्रॅबट्रीला. हेडली बँडचा ढोलवाला. उभा जन्म खाटकाच्या दुकानात गेलेला, आता निवृत्त, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. मेव्हिसही एकटीच. हेडलीचं मन तिच्यावर बसलं होतं हे अख्ख्या बँडला ठाऊक होतं, तिला स्वतःलाही. फक्त हेडलीला वाटायचं की कुणाला पत्ता नाही.

तिच्या वाढदिवसाला त्याने फुलं आणली नाहीत. रविवारच्या जुन्या बाजारातून दोन बॅटऱ्या आणल्या. लखलखीत सोनेरी, बोटाएवढ्या, आणि वर ठसठशीत आकडा: ९९००.

"तुझ्या त्या यंत्राच्या बॅटऱ्या सारख्या उतरतात म्हणालीस ना?" तो लाजत म्हणाला. "या आठवडाभर चालतील. बाजारातला माणूस शपथेवर सांगत होता."

मेव्हिसला हसू आलं, पण ते गोड वाटून आलेलं हसू होतं. तिने बॅटऱ्या कोटाच्या खिशात टाकल्या. त्याच खिशात घराच्या किल्ल्या होत्या, याचा विचार ना तिने केला ना त्याने.

मंगळवारच्या तालमीत बँड एक संथ भजन वाजवत होता. हेडलीला त्यात काहीच काम नव्हतं, म्हणून तो आपला मेव्हिसकडे बघत बसला होता. बघता बघता त्याला तिच्यामागे खुंटीवर लटकलेल्या कोटातून धुराची रेघ निघताना दिसली.

"मेव्हिस! तुझा कोट पेटलाय!"

"गप रे, वाजवू दे," डोळे मिटूनच मेव्हिस म्हणाली आणि पुन्हा फुंकू लागली.

हेडली उठला. ढोलाच्या दोन काठ्यांनी त्याने तो कोट चिमट्यात धरल्यासारखा उचलला आणि तसाच हात लांब करून, ट्रम्पेटवाल्यांच्या मधून, दाराबाहेर धावला. कोट अंगणातल्या फरशीवर पडला न पडला तोच खिशातून फस्सकन ज्वाळा निघाली. एक बॅटरी जळून कोळसा झाली. दुसरी बाजूला घरंगळली, ती धड होती. खिसा गेला, अस्तर गेलं, किल्ल्या काळ्या पडल्या. माणसं सगळी सुखरूप होती.

हेडलीचा चेहरा मात्र पांढराफटक पडला. "मी तुला जाळायला निघालो होतो," तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

"अरे, कोट जुनाच होता," मेव्हिस म्हणाली. "आणि किल्ल्यांबरोबर ठेवल्या कुणी? मीच ना? उद्या नाझमीनच्या दुकानात जाऊ. तू चल माझ्याबरोबर."

नाझमीनचं वेपचं दुकान टपाल कचेरीच्या शेजारी. मेव्हिस पूर्वी शाळेत जेवण वाढायच्या कामाला होती; लहानपणी नाझमीनच्या ताटात मटार वाढले ते तिनेच. नाझमीनने दोघांचं सगळं ऐकून घेतलं, वाचलेली सोनेरी बॅटरी त्यांच्याकडून घेतली आणि कपाटातली एक साधी, फिकट हिरवी बॅटरी काढली.

"हेडलीसाहेब, एक या हातात घ्या, एक त्या हातात."

हेडलीने घेतल्या. हात जरासे वर-खाली केले. मग त्याच्या भुवया वर चढल्या.

"ही सोनेरी तर पोकळ लागतेय! या हिरवीच्या जेमतेम दोन तृतीयांश भरेल."

"बरोब्बर ओळखलंत."

"वजनात मारलं मला!" हेडली गरजला. "मला! उभं आयुष्य मी हाताने मटण तोललं, आणि तो भामटा मला वजनात मारतो!"

मेव्हिसला इतकं हसू लोटलं की तिने काउंटरचा आधार घेतला. नाझमीनही हसत सुटली. शेवटी हेडलीलाही राहवलं नाही.

"आणि तो आकडा?" त्याने डोळे पुसत विचारलं.

"थाप आहे नुसती. एवढ्याशा नळीत त्याच्या निम्मी वीजसुद्धा मावत नाही. जितका मोठा आकडा, तितकी बॅटरी खोटी समजायची." तिने सोनेरी बॅटरीच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावली आणि ती टाकाऊ बॅटऱ्यांच्या डब्यात टाकली. "मेव्हिसबाई, आता तुमच्या यंत्रातल्या दाखवा बरं."

मेव्हिसने झाकण उघडलं. नाझमीनने जीभ टाळूला लावून 'च्यक्' केलं. एका बॅटरीचं वेष्टन कडेला फाटलं होतं.

"आतला पत्रा दिसतोय, बघा. ही पण जाऊ द्या. तुमचं यंत्र दणकून वीज ओढतं, तेव्हा नुसती जास्त वेळ टिकणारी बॅटरी नको, न तापता तेवढी वीज देणारी हवी. या हिरव्या चालतील. आणि या प्लास्टिकच्या डबीत ठेवायच्या, खिशात सुट्या नाही. किल्ली दोन्ही टोकांना टेकली की बॅटरी पेटते. कबूल?"

"कबूल गं बाई."

"एकच दिलीस तर नाही का चालणार?" हेडली म्हणाला. "दुसरी जुनी अजून चांगली दिसतेय."

"नाहीच देणार. दोन बॅटऱ्यांच्या यंत्रात जोडीच लागते. दोघी एकाच दिवशी नव्या आणायच्या, एकत्र वापरायच्या, एकत्र चार्ज करायच्या. नवी-जुनी एकत्र घातली की एकीचा भार दुसरीवर पडतो. आम्ही दुकानात याला लग्न झालेली जोडी म्हणतो." नाझमीनने पेनने दोन्हीवर बारीकशी खूण केली. "म्हणजे चुकून फाटाफूट व्हायला नको."

हेडली त्या दोन खुणांकडे बघतच राहिला. त्याचे कान लाल झाले. पैसे त्यानेच दिले. मेव्हिसने देऊ दिले.

बाहेर ऊन पडलं होतं. बस यायला अवकाश होता, म्हणून त्यांनी कोपऱ्यावरून दोन गरम मटण पॅटिस घेतले आणि थांब्यावरच्या बाकावर बसले. हेडलीने आपल्या पॅटिसला हातही लावला नाही.

"मेव्हिस, मी काही बोलायला शिकलेला माणूस नाही."

"माहीत आहे. तू बडवतोस."

"चेष्टा करू नकोस गं. मी काल तो कोट घेऊन पळालो ना, तेव्हा डोक्यात एकच होतं. त्यात तू असतीस तर?" त्याने घसा खाकरला. "माझ्याशी लग्न करशील?"

मेव्हिसने पॅटिसचा घास घेतला होता. तो तिने सावकाश चावून गिळला. हेडलीला तेवढा वेळ जन्मभराइतका वाटला.

"मला नवा कोट लागेल," ती म्हणाली.

"घेऊ."

"सकाळी साडेसहाला मी युफोनियम वाजवते. रोज."

"मी खाली ढोल घेऊन बसेन."

"शेजारी घर सोडून जातील रे, हेडली!"

"मग त्यांचं घर आपण घेऊ, आणि तालमी तिथे करू."

मेव्हिस खदखदून हसली. तिने पॅटिसचा चुरा लागलेला हात त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "हो रे बाबा, हो. आता खाऊन घे, गार होतोय."

तेवढ्यात बस आली. ड्रायव्हरने दार उघडलं, दोघांकडे पाहिलं, थोडा वेळ वाट पाहिली. हेडली मेव्हिसच्या गालाचं चुंबन घेत होता आणि मेव्हिस एका हाताने ड्रायव्हरला 'जा, जा' अशी खूण करत होती. बस गेली. ती दोघं कालव्याच्या काठाने घरी चालत निघाली. वाटेत जो भेटेल त्याला हेडली थांबवून सांगत होता, बदकांना खाऊ घालणाऱ्या एका अनोळखी बाईलासुद्धा. तिने पाव बाजूला ठेवला आणि दोघांनाही मिठी मारली.