त्रेचाळिसाव्या पानावरची खाच

दचकू नका, मी वही बोलतेय. खरं तर दचकायची सवय माझीच. कुणी बाकावर दप्तर आपटलं तरी माझी पानं थरथरतात. दोनशे पानी, आखीव, निळ्या पुठ्ठ्याची मी; पुठ्ठा आता चिकटपट्टीच्या जिवावर तग धरून आहे. माझ्यात कॅल्क्युलस लिहिलंय. आमच्या कॉलेजात तो विषय एकच सर शिकवतात, आणि त्यांच्या हातून सुटायचं असेल तर ही वही हवीच, असं मुलं एकमेकांना सांगतात. ते ऐकलं की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. का, ते सांगते.

सर उजव्या हातानं लिहितात आणि त्याच वेळी डाव्या हातानं पुसतात. पुढे खडू, मागे डस्टर. मधे जेमतेम दोन ओळी जिवंत असतात. मुलांनी त्यांना 'वायपर' नाव ठेवलंय. कुणी चाचरत "सर..." म्हटलं, की पाठमोरेच सांगतात, "शंका शेवटी." शेवट काही येत नाही. घंटा येते.

माझी पहिली मालकीण मात्र त्या डस्टरलाही हार जायची नाही. भरभर लिहायची, तरी अक्षर मोत्यासारखं. पण एके दिवशी मागच्या बाकावरून कुणाची तरी पाण्याची बाटली पडली. ठण्ण! तिनं मान वळवली, परत फळ्याकडे पाहिलं, तोवर ओळ गेली होती. अंदाजानं उत्तर लिहिलं, आणि त्याच्या सुरुवातीचं वजाचं चिन्ह राहून गेलं. पान त्रेचाळीस. एवढीशी आडवी रेघ. मुंगीएवढी.

त्या वर्षी ते गणित परीक्षेत आलंच नाही. ती पहिली आली, नि माझं नशीब फुटलं. 'पहिल्या नंबरची वही' म्हणून मी हातोहात फिरू लागले. मुलं मला पाठ करायची. पुढच्या वर्षापासून मात्र ते गणित दरवर्षी येऊ लागलं, आठ मार्कांना. आणि सरांचा नियम ठरलेला: चिन्ह चुकलं की सगळं चुकलं. आठपैकी शून्य. मुलं व्हरांड्यात बोटं मोडायची, "वायपर मुद्दाम पाडतो." माझ्याकडे कुणी बोट दाखवलं नाही. मीच ती घरभेदी!

तीन वर्षांनी मी दचकीकडे आले. हे मैत्रिणींनी ठेवलेलं नाव. दार वाजलं तरी हिच्या हातातलं पेन पडायचं. माझी तिच्याशी लगेच गट्टी जमली. कॅल्क्युलसमध्ये ती दोनदा नापास झाली होती. तिसऱ्यांदा झाली तर कॉलेजातून नाव कमी. घरी आई म्हणाली होती, "या खेपेला नाही जमलं, तर मामाच्या झेरॉक्सच्या दुकानात बस. तोही माणूस शोधतोच आहे." आई रागानं बोलली असती तर बरं होतं. भाजी निवडता निवडता बोलली.

दचकी मला पाठ करत नसे. प्रत्येक गणित आधी स्वतः सोडवायची, मग माझ्याशी ताडून बघायची. त्रेचाळिसाव्या पानावर अडली. तिच्या उत्तरात वजा येत होतं, माझ्यात नव्हतं. तिनं पुन्हा सोडवलं. पुन्हा वजा. मग तिनं स्वतःच्या उत्तराचं डेरिव्हेटिव्ह काढून उलटा पडताळा घेतला, आणि मूळ गणित बरोब्बर परत आलं! माझ्या पानापानाला हर्ष झाला. तिनं पेन्सिलीनं, जोर देऊन, माझ्यावर ते चिन्ह काढलं.

"टॉपरपेक्षा तू शहाणी लागून गेलीस का गं?" मैत्रीण हसली. "दोनदा आपटलीस ना? गप पाठ कर."

"अगं, पण पडताळा जुळतोय."

"मग वायपरला विचार. आहे हिंमत?"

कधी नव्हे ती तिला हिंमत झाली. मला छातीशी धरून ती स्टाफरूममध्ये गेली. सर चाचणीचे पेपर तपासत होते. जवळून पाहिलं तर म्हातारे वाटले. डाव्या बाहीवर खडूची भुकटी कोपरापर्यंत.

"बघा," ते तिच्याकडे न बघताच म्हणाले, "इतकी मुलं आणि सगळ्यांची चूक एकच! कॉपी, दुसरं काय? कुठून उतरवतात ते एकदा कळू दे, एकेकाला बघतो. विचारायला मात्र एकही येत नाही." मग त्यांनी गठ्ठा टेबलावर आपटला. "हं, बोला. काय काम होतं?"

मी ओरडत होते, उघड मला, दाखव ते पान! तिनं मला ओढणीआड लपवलं.

"काही नाही, सर. हजेरी बघायची होती."

"हजेरी ऑफिसात."

परीक्षेच्या दिवशी सकाळी तिनं त्रेचाळिसावं पान उघडलं. बराच वेळ बघत राहिली. मग खोडरबर घेतला आणि स्वतःचं वजा पुसून टाकलं. फुंकर मारली. पेन्सिल दाबून चालवली होती म्हणून माझ्या कागदावर तेवढी खाच राहिली.

पेपरभर मी व्हरांड्यात दप्तरांच्या ढिगात पडून होते. सुटल्यावर मैत्रिणीनं विचारलं, "ते आठ मार्कांचं कसं लिहिलंस?"

"वहीतल्यासारखं."

निकालात सदतीस. चाळीस लागतात.

मला पास झालेल्यानं पुढच्याच्या हाती द्यायचं, अशी रीत आहे. दचकीनं नापास होऊन दिलं.

काल एक नवी मुलगी मला मामाच्या दुकानात घेऊन आली. सगळ्या वर्गासाठी तेवीस प्रती हव्या होत्या. गल्ल्याशी दचकी बसली होती. तिनं मला ओळखलं. पानं चाळत त्रेचाळिसाव्यावर आली, बोट त्या खाचेवर थांबलं.

"हे उत्तर... मला एकदा वेगळं आलं होतं," ती हळूच म्हणाली. "सरांना विचारून बघ ना."

"ते शंका शेवटी घेतात." मुलीनं तिच्याकडे पाहिलं. "ताई, तुम्ही पास झालात त्या विषयात?"

"नाही."

"मग राहू द्या. आहे तसंच काढा."

यंत्राचं झाकण माझ्यावर पडलं. मी दचकले. ती दचकली नाही. सवय झाली असावी. खालून उजेड सरकत गेला, तेवीस वेळा.

वाचकहो, तुमच्यापैकी कुणाच्या हाती माझी प्रत आली, तर त्रेचाळिसाव्या पानावर माझ्यावर विश्वास ठेवू नका, एवढंच विनवते. खूण म्हणाल, तर ती माझ्यापाशीच राहिली. खाच झेरॉक्समध्ये उमटत नाही.