वरच्या खोलीतला बचावपटू

एकोणीस वर्षं मी फरश्या वाजवून पाहिल्या. कारखान्यात पट्ट्यावरून फरशी पुढे आली की बोटाच्या पेराने टकटक करायची. खणखणीत वाजली तर चांगली. बद्द वाजली तर आत कुठेतरी केसाएवढी चीर आहे, जी डोळ्याला दिसत नाही आणि सहा महिन्यांनी पायाखाली फुटते. उलट कोपऱ्याचा कपचा उडालेली फरशी गिऱ्हाइकाला लांबूनच दिसते आणि तो नाक मुरडतो, पण ती भिंतीलगत बसवली तर जन्मभर हलत नाही.

कारखान्याच्या मालकांनी शहरातला बुडीत फुटबॉल क्लब विकत घेतला आणि स्वतःला अध्यक्ष करून घेतलं, तेव्हा त्यांनी मला बोलावलं. "तुला माल कळतो," ते म्हणाले. "खेळाडू तू निवडायचे." मी म्हटलं, साहेब, मला ऑफसाइडसुद्धा धड कळत नाही. ते म्हणाले, "ज्यांना कळतो त्यांनीच क्लब बुडवला."

मग मी तेच केलं जे मला येत होतं. ज्याचा दोष सगळ्यांना दिसतो पण खेळाला नडत नाही, तो खेळाडू घ्यायचा. ज्याचा दोष कुणालाच दिसत नाही पण पुढे नडणार आहे, तो विकायचा. एवढंच आमचं शहाणपण. बुटका गोलरक्षक घेतला, कारण सगळे त्याच्या उंचीला हसत होते आणि जमिनीलगतचा एकही चेंडू त्याच्याकडून सुटत नव्हता. रेफरीशी भांडतो म्हणून तीन क्लबांनी हाकललेला एक मधल्या फळीतला घेतला. तो आमच्याकडे येऊनही भांडतच राहिला, पण चेंडू त्याच्या पायातून कुणाला काढता आला नाही. आणि एकवीस गोल करणारा आमचा लाडका आघाडीपटू मी भर हंगामात विकला तेव्हा लोकांनी माझ्या घराच्या भिंतीवर काय काय लिहिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. एकवीसपैकी चौदा पेनल्टी होत्या, हे मी मोजलं होतं. पुढच्या वर्षी त्याने तिकडे चार गोल केले आणि त्याच लोकांनी माझी भिंत रंगवून दिली.

चौथ्या श्रेणीतून तीन वर्षांत आम्ही दुसऱ्या श्रेणीत आलो. वर्तमानपत्रात फोटो आला, कॉलेजात भाषणाला बोलावलं. हरभऱ्याच्या झाडावर चढायला मला फार वेळ लागला नाही.

आमच्या क्लबात एक पद्धत होती. नवा खेळाडू पहिली दोन वर्षं क्लबातल्या कुणाच्या तरी घरी राहायचा. वेगळं घर घेऊन द्यायची ऐपत नव्हती, आणि अध्यक्षांचं म्हणणं, घरचं जेवण मिळालं की पोरं भटकत नाहीत. माझा त्यात आणखी एक स्वार्थ होता. मैदानावर माणूस दिसतो तसा असेलच असं नाही. घरात तो कसा उठतो, कसा झोपतो, जिन्यावरून कसा उतरतो, हे कुठल्याही आकडेवारीत मिळत नाही.

आमच्या वरच्या खोलीत बांबू राहायला आला. उंच आणि काटकुळा म्हणून सगळे त्याला बांबूच म्हणत. बचावपटू. एका सामन्यात त्याने आपल्याच जाळ्यात दोन गोल मारले होते आणि ती चित्रफीत लोक एकमेकांना पाठवून हसत होते. मी ती चाळीस वेळा पाहिली. दोन्ही वेळा बाकीचे बचावपटू अर्ध्या मैदानात हात कमरेवर ठेवून उभे होते आणि हा एकटाच जीव तोडून मागे धावत आला होता. आम्हाला तो जवळपास फुकट मिळाला.

आमची एकुलती मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. त्यामुळे बायकोला घरात बोलायला माणूस मिळाला. माझ्याशी बोलून काही उपयोग नसतो हे तिला पंचवीस वर्षांपूर्वीच कळलं होतं. तो तिला काकू म्हणायचा, भाजी चिरून द्यायचा, तिचे जुने फोटो न कंटाळता पाहायचा. ती त्याला सांगायची, "आमचे हे तिरसट आहेत रे, पण खोटं बोलत नाहीत." मी पेपरामागून ऐकायचो आणि मला बरं वाटायचं.

दुसऱ्या वर्षीच्या थंडीत मी पाहिलं की बांबू सकाळी जिना आडवा होऊन उतरतोय. कठडा दोन्ही हातांनी धरून, एका पायरीवर दोन्ही पाय टेकवून मग पुढची पायरी. माझ्या सासूबाई शेवटच्या वर्षी अशाच उतरायच्या. खाली आला की बायको त्याला गरम पाण्याची पिशवी द्यायची, दहा मिनिटं तो ती धरून बसायचा आणि मग हरणासारखा पळायचा. संध्याकाळच्या सामन्यात त्याच्याइतका वेगवान कुणी नव्हता.

"काका, खुब्यात सकाळी कुणी खिळा ठोकल्यासारखं होतं," तो एकदा मला म्हणाला. "डॉक्टरांना सांगू का?"

"मी बोलतो त्यांच्याशी," मी म्हटलं.

मी बोललो नाही. क्लबाच्या डॉक्टरला सांगितलं असतं तर ते कागदावर आलं असतं आणि कागद गिऱ्हाइकाच्या हाती लागला असता. बायकोने दोन दिवसांनी विचारलं, "सांगितलंत ना डॉक्टरांना?" मी म्हटलं, "सांगितलं. थंडीचं आहे म्हणाले." तिसऱ्या दिवशी मी पहिल्या श्रेणीतल्या एका मोठ्या क्लबाला फोन केला. त्यांना उंच बचावपटू हवा होता, हे मला आधीपासून माहीत होतं.

त्यांची माणसं तीन सामने पाहून गेली. तिन्ही संध्याकाळचे, कारण ते मीच ठरवलं होतं. किंमत इतकी आली की अध्यक्षांनी मला मिठी मारली. आमच्या उरलेल्या सगळ्या संघाची मिळून तेवढी किंमत झाली नसती.

शारीरिक तपासणीला मीच त्याला गाडीतून घेऊन गेलो. वाटेत म्हटलं, "तिथे एक अर्ज भरून घेतील. कुठे दुखतं का, असा प्रश्न असतो. नाही म्हण."

"पण काका, सकाळचं..."

"आपल्या डॉक्टरांना मी सांगितलंय ना? काही नाही म्हणाले. उगाच कशाला फाटे फोडायचे?"

"बरं," तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत राहिला. माझ्यावर त्याचा एवढा विश्वास होता आणि त्याच क्षणी मला तो विश्वास सोयीचा वाटला, हे लिहिताना माझे कान तापतात. तिथल्या डॉक्टरांनी गुडघे, छाती, रक्त सगळं तपासलं. खुब्याची वेगळी तपासणी तक्रार असेल तरच करतात. अर्जावर तक्रार नव्हती आणि खाली त्याची सही होती.

त्याला विकून आलेल्या पैशांतून आम्ही चार खेळाडू घेतले आणि त्या चौघांच्या जोरावर पहिल्या श्रेणीत गेलो. मिरवणुकीत मला गाडीच्या टपावर उभं केलं होतं. त्याच आठवड्यात तिकडे सरावात बांबूचा खुबा गेला. एक ऑपरेशन झालं, दुसरं करावं लागणार होतं. सांध्याची झीज जुनी आहे, असं तिथल्या डॉक्टरांनी लिहून दिलं. मोठ्या क्लबाने लीगच्या समितीकडे तक्रार केली की खेळाडूने दुखणं लपवलं, करार रद्द करा. करार रद्द झाला तर पगार बंद, दुसऱ्या ऑपरेशनचा खर्च त्याचा त्याने करायचा. आणि लपवाछपवी आमच्या क्लबाची निघाली तर करार कायम राहणार, पण आम्हाला सगळी रक्कम परत करावी लागणार आणि पहिल्या श्रेणीतली जागा जाणार.

अध्यक्षांनी मला फक्त एवढंच विचारलं, "तुला काही माहीत नव्हतं ना?" हा प्रश्न कसा विचारायचा असतो ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. मी म्हटलं, "नाही."

समितीच्या खोलीत लांब टेबलाच्या एका बाजूला तिघं बसले होते. समोर मी, आणि दोन खुर्च्या सोडून बांबू. काखेतल्या कुबड्या त्याने खुर्चीला टेकवून ठेवल्या होत्या आणि त्यातली एक सारखी घसरत होती. मला पाहून तो उठायला लागला. मी हातानेच बस म्हटलं.

अध्यक्षस्थानी एक वयस्कर बाई होत्या. त्यांनी आमच्या डॉक्टरचं पत्र वाचून दाखवलं: या खेळाडूच्या खुब्याबद्दल मला कधीही, कुणीही काही सांगितलं नाही. बांबूने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी त्याला सगळं कळलं. मला ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि दिसण्याचं तर मला वरदानच आहे.

"हे दोन वर्षं तुमच्या घरात राहत होते," बाई मला म्हणाल्या. "तुम्हाला कधी काही जाणवलं?"

"नाही."

"सकाळी उठताना, चालताना?"

"नाही. काही असतं तर मला दिसलंच असतं. माझं कामच ते आहे."

बाईंनी ते लिहून घेतलं. मग त्याला विचारलं, "दुखणं लपवा, असं तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

मी टेबलावरच्या पाण्याच्या तांब्याकडे बघत होतो. जनाची नाही तर मनाची तरी असावी, म्हणतात. माझ्याकडे त्या दिवशी दोन्ही नव्हती. मी मनात म्हणत होतो, सांगू नकोस, सांगू नकोस.

"नाही," तो म्हणाला. "माझं मीच."

करार रद्द झाला. पंधरा दिवसांत नवा पुरावा आला तर फेरविचार होईल, नाहीतर निकाल कायम, असं बाईंनी वाचून दाखवलं.

बाहेर मी घाईघाईने जिन्याकडे निघालो होतो, पण कुबड्यांचा आवाज मागे आला म्हणून थांबावं लागलं. मला वाटलं, आता हा शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"काका," तो म्हणाला, "काकूंना यातलं काही सांगू नका. त्यांना वाईट वाटेल. मीच खोटं बोललो म्हणून सांगा."

मी काय म्हणायला हवं होतं ते शेंबड्या पोरालाही कळेल. मी म्हटलं, "बरं."

आणि मी तसंच सांगितलं. बायको दारातच उभी होती. "त्याने तिथे दुखत नाही असं लिहिलं?" तिने विचारलं. "का? तुम्ही तर इथल्या डॉक्टरांना सांगितलं होतं."

"लोभ," मी म्हटलं. "मोठा क्लब, मोठं नाव. भुलला."

ती वर गेली आणि त्याच्या पलंगावरची चादर, जी ती दर आठवड्याला बदलत होती, काढून घेऊन आली. "इथे राहून हे शिकला," एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला तेव्हा ती मोरीत जाऊन धुतलेलीच भांडी पुन्हा घासत बसली. मी सांगितलं, काकू बाहेर गेल्यात. तो रोज फोन करायचा आणि मी रोज नवं कारण शोधायचो. बाजारात, शेजारी, झोपल्यात. सातव्या दिवशी तो म्हणाला, "काका, त्या रागावल्यात ना माझ्यावर?"

मी स्वयंपाकघराकडे पाहिलं.

"ऑपरेशनचं बघतो मी काहीतरी. गावी थोडी जमीन आहे वडिलांची. पण काकूंनी एकदा बोलायला पाहिजे होतं. त्यांनीसुद्धा टाकलं तर मग..."

त्याची शेवटची जागाही मी बळकावली होती. पाय गेला, पगार गेला, आणि ज्या एका घरात त्याला कुणीतरी आपलं म्हणत होतं तिथेही मी त्याला चोर ठरवून आलो होतो. मी फोन तसाच घेऊन स्वयंपाकघरात गेलो आणि बायकोसमोर धरला. "मी त्याला नाही म्हणायला सांगितलं होतं," मी म्हटलं. "डॉक्टरांना मी काहीच सांगितलं नव्हतं. तुलाही खोटं सांगितलं. समितीलाही."

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. फोन घेतला, पदराला डोळे पुसले आणि म्हणाली, "अरे, जेवलास का तू?" मग बराच वेळ बोलत होती. मी खोलीबाहेर उभा होतो. शेवटी ऐकू आलं, "तुझी खोली आहे तशीच आहे. चादर तेवढी घालायची आहे."

फोन ठेवून ती बाहेर आली. मला वाटलं, आता रडेल, भांडेल, आणि मग कधीतरी माफ करेल. खरं सांगतो, कबूल केल्यामुळे मला हलकं वाटायला लागलं होतं.

"मला सांगून काय उपयोग?" ती म्हणाली. "मी काय तुमची समिती आहे?"

त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. ताट वाढते आणि बाजूला होते. बांबू आता वरच्या खोलीत आहे. तो मला अजून काका म्हणतो, आणि मी त्याच्यासमोर जेवायला बसायचं टाळतो.

नवव्या दिवशी मी समितीच्या ऑफिसपर्यंत गेलो होतो. दारावरच्या माणसाने विचारलं, कुणाकडे काम आहे? मी पत्ता चुकल्याचं सांगून परत आलो. अकराव्या दिवशी अध्यक्षांनी नव्या मैदानाचा नकाशा दाखवायला बोलावलं. त्यात एका स्टँडला माझं नाव द्यायचं ठरलंय. मी ते घेतो म्हणालो नाही, आणि नकोही म्हणालो नाही.

आज पंधरावा दिवस. ऑफिस पाचला बंद होतं. तिथे पोचायला पाऊण तास लागतो. आता साडेतीन वाजलेत आणि मी अजून हे लिहीतच बसलोय.