टेबलाखालचे खिळे

सकाळपासून ताईचा पाय एका जागी ठरत नव्हता. वर स्वयंपाकघर, खाली दुकान, मधे जिना, आणि त्या जिन्यावर बाई अशी खालीवर करत होती की शेजारच्या शिंप्यानं खिडकीतून डोकं काढून विचारलं, "ताई, काही हरवलंय का?" ताई "नाही हो" म्हणाली आणि पुन्हा वर पळाली. हरवलं होतं ना! पण सांगणार कुणाला, आणि कुठल्या तोंडानं?

सगळा घोळ एका डुगडुगत्या पायानं घातला. ताईच्या नव्हे, जेवणाच्या टेबलाच्या.

घराचा धंदा सोफे-खुर्च्यांचा. दुकान ताईच्या पप्पांनी घातलं, हात थकल्यावर तिच्या हवाली केलं आणि ते धाकट्या मुलाकडे राहायला गेले. टेबलही पप्पांनीच केलेलं. वरून बघाल तर अगदी साधं, अंगभर चहाच्या कपांच्या गोल खुणा. खरा ऐवज होता खालच्या बाजूला. देवानं घरातल्या कुणाला हात दिला, की पप्पा एक पितळी टोपीचा खिळा घ्यायचे, टेबलाखाली शिरायचे आणि ज्याच्यावर प्रसंग आला त्याच्या बसायच्या जागेखाली ठोकायचे. दुकानाला लागलेली आग मधल्या भिंतीपाशी येऊन विझली, त्याचा एक. आईचा ताप उतरला, त्याचा एक. ताईचा भाऊ घरातून पळून गेला आणि आपल्या पायांनी परत आला, त्याचा खिळा जरा वाकडा होता, कारण ठोकताना पप्पा रडत होते. असे बरेच.

आणि घरातलं पोर पाच वर्षांचं झालं की वाढदिवसाला त्याला टेबलाखाली सोडायचं. पोरानं उताणं पडायचं, मनाला येईल त्या खिळ्यावर बोट ठेवायचं आणि विचारायचं, "हा कसला?" वर बसलेल्यानं सांगायचं. पप्पा म्हणायचे, पूर्वी देवानं लोकांना नदी पार करून दिली, तेव्हा त्यांनी तिच्यातले धोंडे आणून रचून ठेवले, ते पुढे पोरांनी विचारावं म्हणून. आपल्याकडे धोंडे कुठले, आपल्याकडे खिळे.

आज भिंगरीची पाळी होती. भिंगरी म्हणजे ताईची नात, आणि नाव ठेवणाऱ्यानं अगदी बघून ठेवलेलं. यंदा पप्पांनी फोनवर सांगितलं होतं, "माझं झालं सांगून. या खेपेला तू सांग." ताईला तेव्हापासूनच धास्ती. कारण भिंगरीच्या आईनं, म्हणजे ताईच्या लेकीनं, चर्चची पायरी केव्हाच सोडली होती. घरी प्रार्थना सुरू झाली की तिला नेमकं काहीतरी आणायला जायचं असायचं. या कार्यक्रमाला ती कशीबशी हो म्हणाली, आणि तेही बजावून: "एकदाच हं, आई. तिला कंटाळा आला तर ओढूनताणून बसवायचं नाही. आणि नंतर पुन्हा हा विषय नाही."

म्हणजे एकच संधी. नातीच्या कानावर जे काही पडायचं ते आज, या टेबलाखाली.

म्हणून तर ताईनं काल टेबल खाली दुकानात पाठवलं. पाहुणे जेवायला बसणार, पाय डुगडुगायला नको. कारागिराला म्हणाली, "जरा बघून घे," आणि स्वतः बाजारात गेली. आता टेबलाच्या पोटाला हात लावू नकोस असं कुणी सांगतं का? सकाळी दुकानात आली तर कारागिरानं टेबल उलटं करून ठेवलेलं. स्वारी खूश! "ताई, नुसता पायच नाही, सगळंच काम काढलं. खाली काय हो कुणी खिळ्यांचा उच्छाद मांडला होता! एक एक उपटला, भोकं लांबीचा लगदा भरून बुजवली, घासून पॉलिश मारलं. बघा, हात फिरवून बघा."

ताईनं हात फिरवला. काचेसारखं गुळगुळीत.

"खिळे कुठायत?"

"जुने खिळे आपण कुठे टाकतो? पिंपात. आणि भंगारवाला काल संध्याकाळीच पिंप घेऊन गेला की."

त्याला ओरडणार तरी कशी? दुकानात आलेल्या लाकडात एकही जुना खिळा राहता कामा नये, हा नियम पप्पांचा. नवा माणूस कामाला आला की पहिल्या दिवशी त्याच्या हातात ते पक्कड द्यायचे आणि दिवसभर दुसरं काही शिकवायचे नाहीत. बिचाऱ्यानं शिकवलेलं केलं होतं. ताईनं दोघा माणसांकरवी टेबल वर चढवून घेतलं आणि त्यानंतर हे असं जिन्यावर येरझाऱ्या घालणं सुरू झालं.

भंगारवाल्याकडे माणूस धाडला. माल रात्रीच पुढे गेला होता. केक आणायला जायचं होतं, ती विसरली. दूध उतू गेलं. शेवटी तिनं दुकानातून पितळी खिळ्यांचं नवं खोकं आणलं, दाराला कडी घातली, हातोडी घेऊन टेबलाखाली शिरली आणि उताणी पडली. पप्पांची नजर अधू झालेली, चाचपून बघतील तेवढंच. आगीचा खिळा दाराकडच्या बाजूला, ठोकला. आईच्या तापाचा खिडकीकडे, ठोकला. भावाचा मुद्दाम वाकडा ठोकला. आणि मग हात थांबला. पुढचा कुठे होता? चार एका ओळीत होते ते कसले? त्यातला एक तरी कसला? जन्मभर त्या टेबलावर जेवली, आणि आता त्या चकचकीत लाकडाकडे बघून एक गोष्ट धड आठवेना. खिळ्यांच्या भरवशावर बाईनं आठवणंच सोडून दिलं होतं. ताईला स्वतःची भयंकर लाज वाटली.

दारावर थाप पडली. "आई? कडी कशाला घातलीस? आणि ठोकाठोकी कसली चाललीय?"

लेक! ताई घाईनं उठायला गेली आणि टेबलावर डोकं आपटलं. कडी काढली तेव्हा एका हातानं कपाळ दाबलेलं, दुसऱ्यात हातोडी. लेकीच्या काखेतून भिंगरी घरात सुटली आणि थेट खिडकीशी पोचली. लेकीनं वाकून टेबलाखाली पाहिलं, मग खोक्याकडे, मग आईकडे. दडवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. ताईनं सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे तू खोटे खिळे ठोकत होतीस," लेक म्हणाली. "माझ्या मुलीला देव दाखवायला." तिला हसू येत होतं, पण ते मधेच कुठेतरी अडलं. तिनं पुन्हा खाली वाकून बाबांच्या जागेखाली हात घातला. ताईचा नवरा बसायचा ती जागा, भिंतीकडची. "माझा पण गेला?"

तो खिळा नवऱ्यानं स्वतः ठोकला होता, लेक जन्मली त्या आठवड्यात. पप्पांच्या हातातून हातोडी काढून घेऊन.

"गेला," ताई म्हणाली.

लेक तिथेच फरशीवर बसली. "बाबा गेल्यावर मी दर रविवारी खाली शिरायचे, माहितीये? तुम्ही सगळे वर गाणी म्हणत असायचात. मी माझ्या खिळ्याशेजारी दुसरा आलाय का बघायचे. वाटायचं, एवढं सगळं झालं, आजोबांच्या घरात देव एवढा येतो-जातो, तर आमच्यासाठीही काहीतरी केलं असेलच की. तू ठोकशील. नाही ठोकलास. मग मला कळलं, आपल्यासाठी काही केलेलं नाही. तेव्हापासून मी बघायचं सोडलं."

ताईच्या काळजात चर्र झालं. पोर चर्च सोडून गेली म्हणून ताई इतकी वर्षं कधी जावयाला, कधी तिच्या नोकरीला, तर कधी चर्चमधल्या त्या कंटाळवाण्या पाळकाला बोल लावत आली. आणि पोर इथेच, तिच्या पायांशी, तिच्या खिळ्याची वाट बघत होती!

काही बोलणार तोच जिन्यात काठी वाजली. पप्पा आले, तेही वेळेच्या आधी. केक त्यांनीच आणला होता, कारण मुलीची विसरभोळी जात त्यांना ठाऊक होती. भिंगरीनं त्यांना खुर्चीपर्यंत ओढत नेलं. बसल्याबसल्या त्यांचा हात सवयीनं टेबलाच्या कडेखाली गेला. पुढे सरकला. थांबला. मागे आला. एका नव्या टोपीवर बोट फिरत राहिलं.

"हा माझा नव्हे," पप्पा म्हणाले. "माझ्या टोप्यांना हातोडीचा पोचा पडलेला असतो. बाकीचे कुठे गेले?"

ताईनं दुसऱ्यांदा सगळं सांगितलं. तिसऱ्या वाक्याला रडू फुटलं. कारागीर दारात येऊन उभा होता, चेहरा पार उतरलेला. "मालक, चूक माझी. जुना खिळा म्हटलं की माझा हात थांबत नाही."

"कुणी शिकवलं तुला?"

"तुम्हीच, मालक."

पप्पांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं, आणि मग असे हसायला लागले की त्यांना ठसका लागला. लेकीनं पाणी दिलं. "चांगलं शिकवलं की मग! जा बाबा, हात धुऊन ये, केक खा." हसू ओसरल्यावर मात्र त्यांचा हात त्या गुळगुळीत लाकडावर बराच वेळ राहिला. त्यांना वाईट वाटलं नाही असं कोण म्हणेल? वाटलंच. डोळे भरून आले होते.

"पोरी, ते तीन आधी काढ," ते म्हणाले. "घाबरून ठोकलेस. आगीची गोष्ट सांगायला माझं तोंड आहे अजून. आणि भावाची त्यालाच सांगू दे, तो पळाला, मी नाही. तू तुझी सांग."

"माझी कुठली, पप्पा? माझा खिळा कधी नव्हताच."

"तेच म्हणतोय. लाकूड मोकळंच आहे आता."

ताईला वाटलं, उठावं आणि खाली दुकानात निघून जावं. तिनं तीन खिळे काढले. खोक्यातून एक नवा घेतला. कुठे ठोकायचा हे मात्र एकदम ठाऊक होतं. नवऱ्याच्या जागेखाली, लेकीच्या खिळ्याचं भोक जिथे बुजवलेलं होतं त्याच्या अगदी शेजारी. पहिला घाव अंगठ्यावर बसला. दुसऱ्याला खिळा आत गेला.

"चल गं," ती भिंगरीला म्हणाली, आणि वर येऊन खुर्चीत बसली. लेक ताटल्या मांडायच्या निमित्तानं पाठ करून उभी राहिली. भिंगरी खाली शिरली. शोधायला काही फार नव्हतंच.

"हा कसला?"

"तुझे आजोबा, म्हणजे तुझ्या आईचे बाबा, खूप आजारी होते," ताईनं सुरुवात केली. "मी देवाला सांगितलं, त्यांना बरं कर. रोज सांगितलं. त्यानं नाही केलं."

खालून आवाज आला, "मग?"

"मग मी चिडले. दुकानात गेले, शटर ओढून घेतलं, अर्धवट पडलेल्या एका सोफ्यापुढे बसले आणि देवाला वाट्टेल ते बोलले. चालता हो म्हटलं. या घरात पुन्हा पाऊल टाकू नकोस म्हटलं."

"देवाला?"

"देवालाच."

"मग तो गेला?"

"नाही ना! तेच तर." ताईचा आवाज आता तिला स्वतःलाही वेगळा वाटत होता. "मी रोज हाकलायची आणि तो रोज तिथेच. मी ओरडायची, तो ऐकून घ्यायचा. वर येऊन सगळ्यांसमोर मी गाणी म्हणायची, पण खरं काय ते खाली बोलायची. एक दिवस बघते तर सोफा पुरा झालेला, आणि मी त्याला तुझ्या आईच्या शाळेचं सांगत बसलेली. तिला गणित जमत नाही, काय करू म्हणून. कधी ओरडणं थांबलं ते कळलंच नाही. मला लाज वाटली गं. सगळ्यांचे खिळे देवानं काही दिल्याचे. मी त्याला शिव्या दिल्या आणि तो गेला नाही, याचा काय खिळा ठोकणार? म्हणून नाही ठोकला. कुणाला सांगितलंही नाही."

"त्याला राग नाही आला?"

"आला असेल तर मला दाखवला नाही."

भिंगरीला एवढं पुरलं. ती बाहेर निघाली आणि केकच्या डब्याभोवती घिरट्या घालायला लागली. पप्पांनी डोळे मिटून ओठ हलवले. ताई अंगठा चोखत बसली होती, आणि तिच्या मनात एकच चाललं होतं: पोरीला कळलं तरी काय यातलं? संपली संधी.

मागे ताटल्या खाली ठेवल्याचा आवाज झाला. लेक वळली. कुणाकडेही न बघता तिनं खुर्ची सरकवली, चांगले कपडे घातलेले असताना फरशीवर आडवी झाली आणि टेबलाखाली सरकत गेली, पार भिंतीपर्यंत. एवढी मोठी बाई, पाय गुडघ्यापर्यंत बाहेर राहिले.

मग खालून तिनं विचारलं, "हा कसला, आई?"

ताईनं पदरानं नाक पुसलं, खुर्ची पुढे ओढली आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं.