पायमशीनचा वारा

सकाळपासून त्याच्या पायाला भिंगरी लागली होती. अकरा वाजता ताईशी बोलायचं होतं. उद्या तिचं ऑपरेशन, आणि डॉक्टरांनी तिच्या वयाकडे बोट दाखवून कसलीही खात्री दिली नव्हती.

बोलायचं म्हणजे रेडिओवर, मोर्सच्या कडकट्टमध्ये. ताईचे कान गेले, मागोमाग डोळेही अधू झाले, त्यामुळे फोन आणि पत्र दोन्ही बाद. पण स्पीकरच्या पडद्यावर बोटं टेकवून ती मोर्स वाचायची. लहानपणी त्याला ते शिकवलं होतं तिनेच, डोक्यात टपल्या मारमारून. ती समुद्रापलीकडे राहायची; तिथे भाचा तिला दर रविवारी रेडिओ सेटपुढे बसवायचा.

तेवढ्या लांब पोचायला अ‍ॅम्प्लिफायर लागे, आणि अ‍ॅम्प्लिफायरचा जीव त्यातल्या मुठीएवढ्या ट्यूबमध्ये. ती अशी तापायची की तिच्यावर पंख्याचा झोत सतत हवा. बोलणं संपल्यावरही पाच मिनिटं पंखा चालू ठेवायचा, असा नियम. हे गृहस्थ शिलाई मशीन दुरुस्त करणारे. गिऱ्हाइकांना 'जरा दमानं घ्या' सांगण्यात उभी हयात गेली, स्वतःला मात्र दम म्हणून निघत नसे. शेवटचं अक्षर गेलं की एका फटक्यात सगळं बंद! अशाने दोन ट्यूबा त्याने घालवल्या होत्या. ही तिसरी आणि शेवटची.

साडेदहाला पंख्याची मोटर किंचाळली, धूर सोडला आणि थांबली.

"गेली! आजच मरायचं होतं हिला!" त्याने खोलीत चार फेऱ्या मारल्या, टेबलफॅन आणून लावला, बंद केला, पुन्हा लावला. त्याचा वारा खोलीभर फिरत होता, ट्यूबभोवतीच्या अरुंद नळीत मात्र शिरत नव्हता.

शेजारी पायमशीनवर झंपर शिवणाऱ्या बायकोने चष्म्यावरून पाहिलं. "अहो, मोटर जळली ना? पंखा तर धड आहे. माझ्या मशीनचा पट्टा लावा त्याला."

चाळीस वर्षं पायमशीनं दुरुस्त करूनही हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

मोटर उचकटून त्याने पंख्याच्या दांड्यावर दोऱ्याची रिकामी बॉबिन घट्ट ठोकली आणि मशीनच्या मोठ्या चाकावरून चामडी पट्टा तिच्यावर ओढला. पट्टा दोनदा निसटला, त्याने दोनदा शिव्या घातल्या. अकराला दोन मिनिटं असताना बायकोने पायडल मारलं आणि नळीत वारा घुमला.

वारा होता, पण मोटरइतका नव्हता. पहिल्या वाक्यालाच तापमानाचा काटा लाल रेघेकडे धावला.

"थांबा!" बायको म्हणाली. "दोन शब्द पाठवा आणि थांबा. मी वारा घालते तोवर."

त्याने दोन शब्द पाठवले. मग काटा उतरेपर्यंत वाट पाहिली. पुन्हा दोन शब्द, पुन्हा वाट. रिकामा हात चुळबुळ करायला लागला तेव्हा तो हातावरच बसला. चार दिवस घोकलेलं लांबलचक भाषण बाजूलाच राहिलं. 'घाबरू नकोस' एवढं पाठवायलाही ट्यूबची परवानगी लागत होती. बायकोच्या कपाळावरून घाम ओघळत होता, पण पाय थांबले नव्हते.

त्याचं पाठवून झालं. मग ताईची संथ कडकट्ट आली.

"बाळ्या, दोन वर्षांनी आज तुझं सगळं कळलं. माझी बोटंही बधिर झालीत. तुझा वेग झेपत नाही. नुसता तुझा हात, तुझी ठोकायची ढब, ओळखायचे आणि बरं म्हणायचे."

दोन वर्षं दर रविवारी तिचं तेच उत्तर यायचं: बरं, छान, पुन्हा बोलू. त्याला वाटायचं, म्हातारपणी ताई तुसडी झाली. तसं तो बायकोला बोलूनही दाखवायचा. आता त्याला स्वतःची लाज वाटली.

"सांगितलं का नाहीस?" त्याने विचारलं.

"तुला घाई असायची."

त्याने एकेक अक्षर सुटं करून पाठवलं, "ताई, चुकलो." आणि तिने लगेच पाठवलं, "कळलं."

निरोप झाला. सवयीने त्याचा हात स्विचकडे गेला. बायको मात्र पायडल मारतच होती, नियम तिला पाठ होता. त्याने हात मागे घेतला.

"ऊठ तू. मी मारतो."

तो मशीनवर बसला. पाच मिनिटं झाल्याचं बायकोने सांगितलं, तरी तो पायडल मारत राहिला.