कुर्बानच्या गाडीचा गुण

भर दुपारी जाईबाईच्या अंगणात बाज येऊन टेकली आणि बाजेवर देवमन. तोंडाला फेस, घामाच्या धारा, सदऱ्याला फवारणीच्या औषधाचा भपका. मागं बायको संध्या, भाऊ स्वप्निल आणि अर्धं गाव.

"मावशी, हात ठेवा डोक्यावर," संध्या रडत म्हणाली.

जाईबाईचं टाळकंच सरकलं. "अवो, इथं काहून आणलं याले? दवाखाना का पळून गेला?"

वीस वर्षं तिनं मिशनच्या दवाखान्यात आया म्हणून काढली होती. देवमनची पापणी वर करून पाहिली, तर बाहुली मोहरीएवढी. विष भिनलं होतं. त्या वर्षी कपाशीची पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, बोंडअळी काही मरत नव्हती, आणि पाठीवर पंप घेऊन फवारणारी रोजंदारीची माणसं मात्र पडत होती.

आता खरं सांगायचं तर घोळ जाईबाईनंच घालून ठेवला होता. गेल्या वर्षी केशवरावच्या नातवाला साप चावला, तेव्हा ती गावातल्या कुर्बानच्या काळीपिवळी जीपमध्ये पोराच्या डोक्यावर हात ठेवून अमरावतीपर्यंत प्रार्थना करत गेली. तिथं डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, पोरगं वाचलं. रविवारी ती चर्चमध्ये साक्ष द्यायला उभी राहिली. प्रार्थना सांगितली, आसवं सांगितली, इंजेक्शनं तेवढी सांगितली नाहीत. साक्षीत इंजेक्शन बरं दिसत नाही, असं तिला वाटलं. पाळकसाहेब म्हणाले, बाई, तुम्हाला बरं करण्याचं दान मिळालंय, विश्वासू कारभारी व्हा. तेव्हापासून अंगणात ही रांग. कोणाचा ताप, कोणाचा खोकला, कोणाचं रडकं पोर. हात ठेवताना तिला गोडही वाटायचं, खोटं कशाला बोला!

"कुर्बानची गाडी बोलवा," ती ओरडली. "मी येते संग. वाटंनं करू प्रार्थना."

"दवाखान्यात नेलेले दोघं कापडात बांधून वापस आले, मावशी," स्वप्निल म्हणाला. "तुमी पयले इथंच करा. गुण नाईच आला तर मंग पाहू."

"मंग काय पाहशीन, मयत?"

कोणी हलेना. जाईबाईनं शिव्या दिल्या, हात जोडले, पुन्हा शिव्या दिल्या. पालथ्या घड्यावर पाणी! तिला पक्कं ठाऊक होतं, एकदा हात ठेवला की ही मंडळी गुणाची वाट पाहत तासभर इथंच बसतील. देवमनपाशी तासभर नव्हता.

तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

"माह्यापाशी काई नाई," ती म्हणाली. "त्या पोराले डॉक्टरच्या इंजेक्शननं वाचवलं. मी चर्चात अर्धंच सांगतलं. म्हणून देवानं दान काढून घेतलं."

यातलं इंजेक्शनचं आणि अर्ध्या साक्षीचं खरं होतं. शेवटचं खरं की खोटं, तिचं तिलाच माहीत नव्हतं.

"मंग मघापासून आमाले बसवून काहून ठेवलं?" संध्या किंचाळली.

घ्या! अगं बाई, मी पहिल्यापासून बोंबलते काय आहे, हे जाईबाईच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं. कुर्बानची गाडी आली, देवमनला आत घातलं. जाईबाई चढायला गेली, तर स्वप्निलनं दार ओढून घेतलं. "तुमी नका येऊ."

गाडी गेली. धुळीत उभी राहून जाईबाई पुटपुटली, "देवा, माह्या नावाची माती झाली तरी चालन, त्याले वाचव."

देवमन वाचला. नवव्या दिवशी आपल्या पायांनी घरी आला.

आणि चर्चमध्ये जाईबाईच्या शेजारची सतरंजी रिकामी राहू लागली. "बिचारी! देवानं दिलं, पण सांभाळता नाई आलं," मागं बसलेली आशाबाई तिला ऐकू जाईल अशीच कुजबुजली. पाळकसाहेबांनी बायबलातल्या बेइमान कारभाऱ्यावर पाऊण तास उपदेश केला, तोही तिच्याकडेच पाहत. संतापानं तिचे कान तापले. पण त्याला दवाखान्यात धाडायला तसं बोलले, असं सांगितलं असतं, तर सोमवारी अंगणात पुन्हा बाज आली असती. ती पदर दातांत धरून बसून राहिली.

लोकांना मात्र गुण कुठंतरी चिकटवावाच लागतो. केशवरावचा नातू कोणत्या गाडीत वाचला? कुर्बानच्या. देवमन? कुर्बानच्याच. झालं! आता फवारताना कोणी पडलं की घरचे त्याला उचलून थेट त्या काळीपिवळीत घालत. आणि रोगी घेतला की कुर्बान दवाखान्याशिवाय दुसरीकडे जातच नसे.

एक दिवस कुर्बान तिच्या ओट्यावर येऊन टेकला. "मावशी, लोकं बोनेटले हात लावून पाया पडून राहिले. मले शरम येते. सांगून टाकतो, गुण डॉक्टरचा हाय, मावशीनंच खरं सांगून धाडलं होतं. तुमचं नाव साफ होईन."

नाव साफ होईन! आशाबाईचं तोंड कसं होईल, हे जाईबाईनं क्षणभर मनात पाहूनही घेतलं.

"खबरदार तोंड उघडशीन तर," ती म्हणाली. "टाकी भरेल हाय का?"

"अर्धी हाय."

"अर्धी? फवारणीचे दिवस हायेत, अन् अर्ध्या टाकीवर गप्पा हाणत बसला! काय माणूस हाय तू, कुर्बान! ऊठ, जाय, पयले भरून आण."