शिंप्याचे माप आणि माझी हाडे

मी उभा आहे, असे तुम्हाला वाटते. वास्तविक मी लटकतो आहे. माझ्या कवटीतला आकडा एका लोखंडी दांड्याला अडकवलेला आहे आणि त्या दांड्याच्या जिवावरच माझा सारा ताठा आहे. होय, मी शाळेच्या प्रयोगशाळेतला सांगाडा बोलतो आहे.

दचकू नका. मी कधीही जिवंत माणूस नव्हतो. कारखान्यातल्या साच्यांतून माझी हाडे निघाली, तारांनी ती एकमेकांस जोडली गेली आणि भुसा भरलेल्या खोक्यातून मी येथे आलो. मला बालपण नाही. खोक्यातून निघालो तो पुरता वाढलेलाच.

मुलांनी माझे नाव ‘काडीपैलवान’ ठेवले. परीक्षेच्या दिवशी ती माझ्याशी हस्तांदोलन करतात. त्या प्रेमापायी माझ्या करंगळीचे एक पेर कधीच गहाळ झाले. विज्ञानाच्या बाई तेवढ्या मला अदबीने वागवतात. मला हात लावण्यापूर्वी त्या मुलांना हात धुवायला लावतात.

बाईंच्या वर्गात एक मुलगी होती. तिचा पाय एका जागी ठरत नसे, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. जिन्यावरून पडून तिचा डावा पाय गुडघ्याजवळ मोडला. प्लास्टर निघाले, पण पाय वाळक्या शेंगेसारखा झाला होता आणि ती भिंतीला धरून चालू लागली.

एके दिवशी माझ्या मांडीच्या हाडावर छडी टेकवून बाई म्हणाल्या, “हाड मधून ताणलं जात नाही, ते टोकांशी वाढतं. पायाची जास्तीत जास्त वाढ गुडघ्याच्या आसपास होते.”

सगळ्यांनी ते वहीत उतरवले. भिंगरीने पेन खाली ठेवले.

वर्ग सुटल्यावर ती एकटीच मागे राहिली. “बाई, माझा पाय आखूड राहणार ना?”

“कोण म्हणालं?”

“कुणीच नाही. डॉक्टर म्हणाले, वर्षभर लक्ष ठेवा. बाबा दर रविवारी माप घेतात अन् गप्प बसतात.” तिने दोन्ही पाय पुढे केले. “ही सलवार बघा. डावा पाय पाऊण इंच वर दुमडून शिवलाय. मला कळू नये म्हणून.”

बाईंनी ती दुमड बोटाने चाचपली. मग त्यांनी तिच्या वडिलांना बोलावणे धाडले.

वडील शिंपी होते. गळ्यात टेप तशीच ठेवून ते दुसऱ्या दिवशी आले.

“माप कसं घेता, दाखवा बरं,” बाई म्हणाल्या.

त्यांनी लेकीला उभी केली आणि कमरेच्या नाडीपासून थेट जमिनीपर्यंत टेप सोडली. डावीकडे पाऊण इंच कमी! टेप उचलून दाखवत ते म्हणाले, “बाई, वीस वर्षं मापं घेतोय. माझी टेप खोटं बोलायची नाही.”

“टेप नाही खोटं बोलत, दादा. तुम्ही सलवारीचं माप घेताय, पायाचं नव्हे. तिचा गुडघा बघा.”

भिंगरीने सारा भार उजव्या पायावर दिला होता. डावा गुडघा किंचित वाकला होता आणि त्या बाजूची कंबर खाली कलली होती.

बाईंनी माझा दांडा खाली घेतला. आयुष्यात प्रथमच माझी पावले जमिनीला टेकली आणि तत्क्षणी माझे गुडघे मुडपले. वर्गाबाहेरून डोकावणारी पोरे फिदीफिदी हसली. बाईंनी शिंपीदादांकडून नेफ्यात घालायचे इलॅस्टिक मागून घेतले, ते माझ्या मांडीवरून गुडघ्याच्या वाटीखाली बांधले आणि ताणले. माझा गुडघा सरळ झाला.

“हाडं आपणहून उभी राहत नाहीत, स्नायू त्यांना ओढून धरतात. प्लास्टरमध्ये हिच्या मांडीचा स्नायू बसून बसून दुबळा झालाय. आता हाडापासून हाडापर्यंत मोजा.”

भिंगरी लांब टेबलावर उताणी झोपली. कमरेच्या हाडाचे पुढचे टोक आणि घोट्याचे आतले हाड बाईंनी आधी माझ्यावर दाखवले. शिंपीदादांनी ती दोन्ही ठिकाणे लेकीच्या अंगावर बोटाने चाचपली. उजवा पाय एकोणतीस इंच. मग डावा. त्यांनी तो तीनदा मोजला.

“एकोणतीस,” ते म्हणाले आणि जवळच्या स्टुलावर बसून डोळे पुसू लागले.

“बाबा, रडताय काय? झोपून झोपून मला रग लागली!”

“गप गं भवाने!” असे म्हणून त्यांनी तिच्या डोक्यावर टपली मारली.

मला फुफ्फुसे नाहीत. असती तर मीही सुस्कारा सोडला असता.

पुढे डॉक्टरांनी काढलेल्या क्ष-किरण चित्रातही हाड नीट वाढताना दिसले. तरी व्यायाम चुकला नाही. पायाला वाळूची पुरचुंडी बांधून ती रोज गुडघा सरळ करी. बाई मोजत आणि एकही आकडा गाळू देत नसत.

आज माझ्या बरगड्या पिवळटल्या आहेत आणि जबड्याची स्प्रिंग सैल झाली आहे. त्याचा मला खेद नाही. मुलांनो, एकच विनंती आहे. अंगाविषयी भीती वाटली, तर ती मनात कोंडू नका, विचारा. आणि मोठ्यांनो, माया करा. पण ती लपवून दुमडू नका.

परवा भिंगरी प्रयोगशाळेत आली. पूर्वी तिला माझ्याकडे मान वर करून पाहावे लागे. या वेळी तिने सरळ माझ्या डोळ्यांच्या खोबणींत पाहिले आणि म्हणाली, “अय्या, तुझी उंची कमी झाली की काय?”